कुसाबाईने लावलेलं कुलूप

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत 'एकजूट' नावाचं एक उपाहारगृह आहे. उपाहारगृह हा शब्द फक्त नोंदणीच्या कागदावर. सगळे त्याला एकजूट हॉटेलच म्हणतात. आमची कंपनी बंद पडली तेव्हा त्रेसष्ट कामगारांनी मिळून ते काढलं. मालक असा कोणी नाही. प्रत्येकाचा एक शेअर, प्रत्येकाचं एक मत. मी तिथला सतरा नंबरचा सभासद. आयुष्य लेथवर गेलं, आता निवृत्त आहे आणि यंदाच्या मार्चपर्यंत सहा वर्षं हॉटेलच्या संचालक मंडळावर होतो.

लिहितोय ते कुसाबाई गावितबद्दल, आणि रागाने लिहितोय हे आधीच सांगून टाकतो. राग तिच्यावर नाही. आमच्यावर आहे.

कुसाबाई सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. भात आणि नागली निघाली की नवरा झिपरू आणि ती द्राक्षबागांत कामाला यायची, हंगाम संपला की परत जायची. एका वर्षी झिपरूला अंबडच्या एका गोदामावर वॉचमनची नोकरी लागली आणि दोघं इथेच राहिली. २००५ साली ती आमच्याकडे भांडी घासायला आली. तीन वर्षांनी आमचा आचारी स्वतःची गाडी लावायला निघून गेला, त्या दिवशी पहिली पाळी सुटायच्या वेळी पावणेदोनशे माणसं मिसळीला येऊन बसली होती. कुसाबाईने हात पुसले आणि रस्सा केला. तेव्हापासून एकजूटची मिसळ म्हणजे कुसाबाईची मिसळ.

ती काही गोड बोलणारी बाई नाही. उंचीला माझ्या खांद्याएवढी, पण बोलली की भट्टीच्या आवाजावरून ऐकू येतं. पाव शिळा आला तर पाववाल्याला परत पाठवते. जास्त तर्री मागणाऱ्याला म्हणते, आधी हाय ती संपव.

तिला सभासद करून घेतलं ते शामसुंदर देवरेने. शामसुंदर आमचा चेअरमन, मूळ सटाण्याचा, युनियनमध्ये घडलेला माणूस. 'जो इथे राबतो तो इथला मालक झालाच पाहिजे,' असं म्हणून तो सभेत दोन तास भांडला आणि कुसाबाई चौसष्टावी सभासद झाली. हे त्याचं श्रेय आहे, ते मी काढून घेणार नाही. पण पुढे काय व्हायचं तेही सांगतो. दर वर्षी सर्वसाधारण सभा व्हायची. कुसाबाई सकाळी हजेरीच्या वहीवर सही करायची आणि आत चहा करायला जायची. आम्ही बाहेर ठराव मांडायचो, हात वर करायचो. इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' असं लिहिलं जायचं. त्या एकमतात कुसाबाईचं मत धरलेलं असायचं आणि ती आत पातेली धूत असायची. अकरा वर्षं असंच चाललं. एकदाही कोणाला खटकलं नाही. मलाही नाही.

त्या अकरा वर्षांत तिने एकच गोष्ट मागितली होती. बायकांसाठी संडास.

हॉटेलच्या मागे एक विटांची खोली आहे. त्यात दोन मुताऱ्या आणि एक संडास. दाराची आतली कडी कायम मोडलेली. एकदा कुसाबाई आत असताना कोणीतरी दार ढकललं, आणि वर हसलं. त्यानंतर ती तिथे गेली नाही. महामार्गापलीकडे पेट्रोल पंप आहे, तिथे जायची. जायला दहा मिनिटं, यायला दहा. दिवसातून एकदा, फार तर दोनदा. बाकी वेळ पाणीच प्यायचं नाही. तिच्याबरोबर काम करणारी आशा, तीही तसंच करायची. भट्टीसमोर आठ-आठ तास उभं राहायचं आणि पाणी प्यायचं नाही. दर सभेआधी कुसाबाई शामसुंदरला सांगायची, तो म्हणायचा, घेऊ विषय. विषय कधी यायचा नाही.

गेल्या मे महिन्यात आशाला भट्टीसमोर चक्कर आली. पडताना तिचा हात रश्श्याच्या पातेल्याला लागला आणि पातेलं कलंडलं. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजला. डॉक्टरांनी विचारलं, सकाळपासून पाणी किती प्यायलीस. ती म्हणाली, दोन घोट.

कुसाबाई दवाखान्यातून थेट शामसुंदरच्या घरी गेली. मी तिथे बसलो होतो. ती दारातच उभी राहिली, आत आली नाही. आशाचं काय झालं ते सांगितलं आणि म्हणाली, "शामभाऊ, आता तरी करा." शामसुंदर हळहळला, खरंच हळहळला. म्हणाला, आता नुसता संडास काय, सगळं हॉटेलच नवीन करू.

आणि केलंही. म्हणजे नकाशा केला.

नकाशा काढायला इंदिरानगरचा शौनक नावाचा इंटिरियर डिझायनर आला. मुलगा हुशार, बोलायला नम्र. त्याने लॅपटॉपवर चित्रं दाखवली. पुढच्या हॉलला एसी, काचेचं दार, लाकडी रंगाची टेबलं, एका भिंतीवर पांढऱ्या रंगात वारली चित्रं, तिच्यासमोर लोकांनी फोटो काढायचे. शिफ्टवाल्यांबरोबर कंपन्यांतले साहेबलोक आणि शनिवार-रविवार कुटुंबं यायला पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. ते चूक नव्हतं. छत गळत होतं, फरशा उखडल्या होत्या, गिऱ्हाईक कमी होत होतं. आम्ही सात संचालकांनी मान डोलावली आणि सह्या केल्या. मी सुद्धा केली. मागची बाजू मी पाहिलीच नाही.

दुसऱ्या दिवशी शौनक स्वयंपाकघरात मापं घ्यायला आला. कुसाबाईला म्हणाला, "मावशी, तुम्ही तिकडच्याच ना? आमच्या आर्टिस्टला चित्रांचं जरा गाईड कराल का?"

ती म्हणाली, "मी कोकणा. ती चित्रं वारल्यांची, ती जमात वेगळी. आणि संडास कुठं दाखवलाय?"

शौनकने नकाशा उलगडला. मागची खोली होती तशीच होती, फक्त दाराला नवीन रंग. मागे जी रिकामी जागा होती, जिथे बायकांचा संडास सहज झाला असता, तिथे लिहिलं होतं 'वेटिंग एरिया'. कुसाबाईला वाचता येतं, हळू येतं, पण येतं. तिने ते दोन शब्द मोठ्याने वाचले आणि विचारलं, हे काय. शौनक म्हणाला, गर्दी असेल तेव्हा लोक तिथे थांबतील. मग जरा ओशाळून म्हणाला, मीही लेडीज टॉयलेट सुचवलं होतं, पण चेअरमनसाहेब म्हणाले ड्रेनेजची लाईन तिकडे नाही, फार तोडफोड होईल.

कुसाबाईने भट्टी बारीक केली, त्याला मागे नेलं, पत्र्याखालचं लोखंडी झाकण पहारीने उचललं आणि चेंबर दाखवला. 'वेटिंग एरिया'पासून आठ फुटांवर. २०१२ साली तो तुंबला होता तेव्हा माणूस मिळाला नाही म्हणून तिने स्वतः उपसला होता. हॉटेलातल्या चौसष्ट मालकांपैकी तो चेंबर कुठे आहे हे माहीत असलेली ती एकटीच.

हे तिने शामसुंदरला सांगितलं. शामसुंदर म्हणाला, कुसाबाई, पहिल्या टप्प्यात पुढचं होऊ दे, दुसऱ्या टप्प्यात बघू. आवाज प्रेमाचा होता. अशा आवाजात नकार दिला की समोरच्याला भांडताही येत नाही, हे तो युनियनमध्येच शिकला असावा. पण कुसाबाई भांडली. म्हणाली, "आशाचा हात भाजला तेव्हा पुढचा हॉल भाजला नव्हता." तो उठून गेला.

आता दुसरी बाजू. नूतनीकरणाला विरोध करणारा एक गट होता, त्याचा पुढारी दीपक. हा माझ्यानंतरच्या पिढीतला, वडिलांचा शेअर त्याच्याकडे आलेला. त्याचं म्हणणं, कामगारांची जागा कामगारांसारखीच राहिली पाहिजे. बाकडी तीच, भट्टी तीच, काहीही हलवायचं नाही. एसी आला की डबा उघडून बसणारा माणूस तिथे येणार नाही, हे तो सांगायचा ते मला पटायचं. पण त्याने काय केलं? भट्टीसमोर घामाघूम झालेल्या कुसाबाईचा फोटो काढला आणि सभासदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'कुसाबाईंच्या हातची चव वाचवा'. तिला विचारलंसुद्धा नाही.

तो फोटो आशाने तिला दाखवला. दुपारी दीपक चहाला आला तशी कुसाबाई बाहेर आली. हॉटेल भरलेलं होतं. "तुला माझी चव पायजे," ती म्हणाली, "मला संडास पायजे. तुझ्या कागदात संडास हाय का?" दीपक म्हणाला, मावशी, आधी हा प्लॅन तर पाडू. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे त्याच्या कागदातही नाय आन् तुझ्याही नाय. मग तुम्ही भांडताय कशाला? तुमचं तर एकमत हाय."

लोक हसले. ती हसत नव्हती. मी कोपऱ्यात बसून मिसळ खात होतो आणि तिने माझ्याकडे पाहिलं नाही याचं मला हायसं वाटलं. तेवढंच माझं शौर्य.

सर्वसाधारण सभा सप्टेंबरमधल्या एका रविवारी साडेदहाला ठेवली होती. सत्तावन्न सभासद आले, सगळे पुरुष, बहुतेक साठीच्या पुढचे. कुसाबाईने नेहमीप्रमाणे सही केली आणि आत गेली. लगेच चहा आला, कप काठोकाठ भरलेले. अर्ध्या तासाने मिसळ आली, नेहमीपेक्षा खारट. मग ताक आलं. मग पुन्हा चहा. दीपक म्हणाला, आज कुसाबाई खुशीत दिसतेय.

दोन्ही गट भांडायला लागले. कोणी कोणाला भांडवलदार म्हणालं, कोणी कोणाला भंगारवाला. शौनकची चित्रं पडद्यावर फिरत होती. साडेबाराच्या सुमारास एकजण मागे गेला आणि लगेच परत आला. म्हणाला, संडासला कुलूप आहे. शामसुंदरने कुसाबाईला हाक मारली. किल्ली तिच्याकडेच असते, कारण ती खोली धुतेही तीच.

ती बाहेर आली. किल्ली तिच्या कमरेला होती. ती शांतपणे म्हणाली, "पंपावर जा. रस्ता ओलांडून. मी रोज जाते."

कोणाला आधी कळलंच नाही. मग कळलं तसा गलका झाला. दोघेतिघे तणतणत मागच्या भिंतीकडे निघाले, पुरुषांना भिंत पुरते. पण भिंतीच्या कडेने बायका बसल्या होत्या. शेजारच्या पॅकिंग कंपनीतल्या, रविवारी ओव्हरटाईमला आलेल्या, बारा-चौदा जणी. आशाने बोलावलं होतं. भाजलेला हात ओढणीत घेऊन ती मधोमध बसली होती आणि सगळ्या डबे उघडून जेवत होत्या. त्यातली एक म्हणाली, या ना काका, आम्ही काय बघत नाही. काका परत आले.

शामसुंदरचा चेहरा लाल झाला. त्याने कुसाबाईला सांगितलं की ही संस्थेची मालमत्ता आहे, असं कुलूप लावायचा तिला अधिकार नाही. ती म्हणाली, "मी चौसष्ट नंबर. तुमची जेवढी मालमत्ता तेवढीच माझी. तुम्ही मला एकोणीस वर्षं कुलूप लावलं, मी एक तास लावलं." दीपक कुलूप तोडायला उठला. ती दारासमोर जाऊन उभी राहिली. तो तिच्या अंगावर गेला नाही, हे त्याचं नशीब; आशाबरोबरच्या बायका उठून आल्या होत्या.

मला मधुमेह आहे. त्या वेळी माझी काय अवस्था होती ते लिहीत नाही. घाम फुटला होता आणि कोण काय बोलतंय ते ऐकू येत नव्हतं. रोज सकाळी सहा ते दोन ही बाई असं काढते, एवढं मात्र डोक्यात आलं. मला, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी.

तेवढ्यात गोटीराम उठले. आमचे सगळ्यांत जुने सभासद, वय अठ्ठ्याहत्तर, काठी घेऊन चालतात. ते कोणाशी काही बोलले नाहीत, मागच्या दाराकडे चालायला लागले. कुसाबाईने त्यांना पाहिलं आणि धावत जाऊन कुलूप काढलं. त्यांचा हात धरून आत नेलं. पण उशीर झाला होता. परत आले तेव्हा त्यांची विजार ओली होती आणि ते मान खाली घालून बसले.

कुसाबाई तिथेच उभी होती. तिच्या तोंडावरचा राग गेला नव्हता, पण त्यात आता दुसरं काहीतरी मिसळलं होतं. तिने कुलूप परत लावलं नाही. पडद्यासमोर आली आणि म्हणाली, "मला सभेत बोलायचंय." एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. तिने सांगितलं की छत दुरुस्त करा, फरशा करा, एसी लावायचा तर लावा, पण आधी मागे बायकांचा संडास बांधा, आतून कडी असलेला. चेंबर आठ फुटांवर आहे, हवं तर आत्ता दाखवते. मग म्हणाली, "एवढंच," आणि आत जाऊ लागली. मी म्हणालो, कुसाबाई, आत जाऊ नको, मतदान आहे. हे मी बोललो. त्या दिवशी मी केलेली एकमेव बरी गोष्ट.

संडास आधी, बाकी सगळं नंतर, या ठरावाच्या बाजूने एकतीस हात वर झाले, विरोधात बावीस. बाकीचे मधल्या काळात मागे गेले होते. माझा हात वर होता. तो पटलं म्हणून वर गेला की सभा लवकर संपावी म्हणून, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

चार दिवसांनी शामसुंदरने तिला कारणे दाखवा नोटीस दिली. 'ज्येष्ठ सभासदाचा जाणीवपूर्वक अपमान' हे त्यातलं मुख्य कारण. माझ्या विरोधाची नोंद झाली, उपयोग झाला नाही. खरं तर ती नोटीस यायच्या आधीच कुसाबाई गोटीरामांच्या घरी गेली होती, माफी मागायला. त्यांच्या सुनेने दारातूनच परत पाठवलं. ती पुन्हा गेली, पुन्हा परत आली. तिसऱ्यांदा मी बरोबर जातो म्हणालो, तर म्हणाली, नको, ते माझं हाय. त्याबद्दल तिला वाईट वाटत होतं, आजही वाटतं. पण म्हणून कुलूप लावणं चूक होतं, असं ती एकदाही म्हणाली नाही. नोटिशीचं उत्तर तिने मला सांगून लिहून घेतलं. त्यात एकच ओळ होती: गोटीरामभाऊंची मी माफी मागते, बाकी कोणाची नाही.

तिला पंधरा दिवस कामावरून बंद केलं. बाहेरून आचारी आणला. नवव्या दिवशी पहिल्या पाळीच्या लोकांनी मिसळ तशीच ताटात ठेवली आणि चहा पिऊन गेले. दहाव्या दिवशी शामसुंदरने निरोप पाठवला की ये. ती गेली नाही. पंधरा दिवस पुरे करून सोळाव्या दिवशी पहाटे साडेपाचला आली आणि आधी सगळी पातेली पुन्हा घासायला काढली.

संडास नोव्हेंबरात झाला. चेंबर जिथे तिने दाखवला तिथेच होता, तोडफोड अडीच दिवसांची. उद्‌घाटनाला शामसुंदरने फीत कापली आणि भाषणात सांगितलं की महिला कामगारांच्या सोयीसाठी संस्था पहिल्यापासून कटिबद्ध आहे. कुसाबाई त्या वेळी कांदे चिरत होती. आशाने तिला बाहेर बोलावलं, तर म्हणाली, "मला ते ऐकू येतंय, बघायला कशाला लावतेस?" संगमरवरी पाटीवर सातही संचालकांची नावं आहेत. माझंही आहे. मी ते काढायला सांगितलं, अजून निघालेलं नाही.

मार्चमध्ये संचालक मंडळाची निवडणूक झाली. शामसुंदरचं पॅनेल आणि दीपकचं पॅनेल. दोघांनीही कुसाबाईला आपल्याकडे घ्यायचा प्रयत्न केला, कारण तिच्या फोटोचा उपयोग दोघांनाही कळला होता. तिने स्वतंत्र अर्ज भरला आणि चार मतांनी पडली. मला वाटलं ती खचेल. तिने मला विचारलं, पुढची कधी हाय?

निवडून आला तो दीपक. कामगारांच्या जागेसाठी भांडणारा. त्याच्या मंडळाचा पहिला निर्णय असा, की शेजारच्या पॅकिंग कंपनीतल्या बायका हॉटेलात काही न घेता नुसता संडास वापरून जातात, सबब बाहेरच्यांकडून पाच रुपये घ्यावेत. तशी निळ्या अक्षरांची पत्र्याची पाटी करून आणली आणि दारावर ठोकली.

ती सकाळी ठोकली होती. मी अकरा वाजता चहाला गेलो तेव्हा दारावर फक्त चार भोकं होती. दीपक सगळ्यांना विचारत होता, पाटी कोणी काढली. कुसाबाई रस्सा ढवळत होती. तिने त्याला सांगितलं, "मी काढली. माझ्या कपाटात हाय. पायजे असेल तर येऊन माग."

तो आत गेला नाही. पाटी अजून कपाटातच आहे.